स्कॅन झालं, सूची कुठे आहे?

तीन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या कार्यवाहांनी माझ्या हातात एक हार्ड डिस्क ठेवली. गावातल्या एका जुन्या वतनदार घराण्याने वाचनालयाला मोडी कागदांचे काही रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, दिले होते. वर्गणी काढून ते सगळे स्कॅन करून घेतले होते. "आता काळजी मिटली, कायमचं सुरक्षित झालं," कार्यवाह म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान खरं होतं. त्या कामासाठी ते दोन वर्षं दारोदार फिरले होते.

घरी येऊन डिस्क उघडली. एकच फोल्डर, त्यात चार हजारांवर चित्रं. नावं कॅमेऱ्याने दिलेली: डीएससी 0001, डीएससी 0002, अशी पुढे. कोणता कागद कोणत्या रुमालातला, पत्र कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, कशाचा पत्ता नाही. 417 क्रमांकाच्या चित्राशी मी बराच वेळ थांबलो. पाटीलकीच्या तंट्याबद्दलचं पत्र, अक्षर सुरेख, मजकूर महत्त्वाचा. आत मिती होती, साल नव्हतं. मोडी पत्रांत हे नेहमीचंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत असायचं, ते लिहायची गरज नसे. ज्याच्याकडे पत्र पोचे, तो मात्र पाठीवर पैवस्ती टिपून ठेवी, म्हणजे पत्र कधी हाती आलं त्याची नोंद. बऱ्याच पत्रांचं साल त्या पाठीवरच्या दीड ओळीवरून कळतं. स्कॅन करणाऱ्या मुलांनी पाठ घेतलीच नव्हती. पाठ कोरी दिसली की उलटायचं नाही आणि कोपऱ्यात चार अक्षरं असली तरी ती कोरीच धरायची, असा हिशेब असावा. पानामागे पैसे ठरले होते. त्या मुलांना दोष कसा देऊ? त्यांना मोडी वाचता येत नव्हती आणि पाठीवर काय असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. त्या घराण्याशी किंवा गावाशी काही संबंध नसलेल्या माणसाला हवा तो कागद हवा तेव्हा सापडला, तरच तो जपला गेला असं मी म्हणेन. स्कॅनिंग ही त्या कामाची एक पायरी आहे. खरं काम सूचीचं, आणि सूची करायला मोडी वाचणारी माणसं लागतात. आपल्याकडे पैसा, निविदा, उद्घाटनं आणि बातम्या सगळं 'किती लाख पानं स्कॅन झाली' या आकड्याभोवती फिरतं. किती कागदांची नोंद झाली, हा आकडा कुणी विचारत नाही.

यात नवं काही नाही. पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, घ्या. 1818 नंतर ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं. आज ज्या इमारतीत ते आहे ती 1891 ची, आणि तिचं नाव तेव्हा 'एलिएनेशन ऑफिस' होतं. नावातच उद्देश आहे, कारण सारा माफ केलेल्या इनाम जमिनींना इंग्रज 'एलिएनेटेड' म्हणत: इनाम जमिनी कुणाच्या, कुणाची सनद खरी, कुणाचं उत्पन्न चालू ठेवायचं आणि कुणाचं बंद करायचं. इनामांचे हक्क तपासायला इंग्रजांनी नेमलेल्या इनाम कमिशनला पुरावा हवा होता, म्हणून दफ्तर लावलं गेलं आणि राखलं गेलं. इतिहासाच्या अभ्यासकांना तिथे मोकळेपणाने शिरायला पुढे कित्येक वर्षं थांबावं लागलं. जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकारांनी आग्रह धरला, तेव्हा कुठे मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक गो. स. सरदेसाई यांच्याकडे निवडीचं काम आलं आणि 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तराचे 45 भाग छापून निघाले. दफ्तरातले रुमाल हजारोंनी मोजावे लागतात. कागदांचा आकडा साधारण चार कोटी असा नेहमी सांगितला जातो. त्यातून छापले गेले ते काही हजार.

सरदेसायांच्या हाताखाली मोडी सरावाने वाचणारी माणसं होती आणि रुमाल सोडून एकेक कागद बघायचा वेळ होता. या दफ्तराचे पोटविभागही ज्यांनी ते वापरलं त्यांनीच पाडलेले: घडणी, रोजकीर्द, पागा, प्रांत अजमास, शाहू दफ्तर. कुठला हिशेब कुठे असणार हे त्या विभागणीवरून जाणकाराला कळतं. आपण स्कॅन करताना रुमाल सोडतो, कागद सपाट करतो, फोटो काढतो आणि हाताला येईल त्या क्रमाने परत बांधतो, तेव्हा ती विभागणी मोडते. दोनशे वर्षं टिकलेला क्रम एका दुपारी जातो. चित्रात तो क्रम नसतो आणि आता रुमालातही नसतो.

सूची करायला काय लागतं, हे जरा जवळून बघू. समजा एका पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, 'सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ'. आकडा नाही, अरबी शब्द आहेत. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1161. हे सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत वापरलेली एक कालगणना, मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणून इसवी सन काढताना पत्र वर्षाच्या कोणत्या भागातलं आहे ते बघून 599 किंवा 600 मिळवायचे. उत्तर येतं 1760-61. पानिपतचं वर्ष! ज्याला हे येतं त्याला पत्र हातात घेताच अंगावर काटा येतो. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती शेवटची गिचमिड ओळ. शिवाय फसली, शक, हिजरी आणि राज्याभिषेक शक हेही आहेत. तारखेच्या जागी 'छ' असतो आणि पुढे मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख. आणि ज्या लिपीत हे लिहिलं आहे, तिच्यात आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात, मग बोरू न उचलता अक्षरं तिला टांगत जातात. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. त्यावर प्रत्येक लेखनिकाची वेगळी ढब.

कागदाचं अंगही वाचावं लागतं. लांब महजर (पंचांसमोर झालेला लेखी निवाडा) किंवा निवाडपत्र एका पानावर मावत नाही, म्हणून बंदाला बंद, म्हणजे कागदाला कागद, चिकटवून पट्टा करतात आणि सांध्यावर शिक्का उठवतात, मधला बंद कुणी बदलू नये म्हणून. पट्ट्याचे चार फोटो काढले आणि सांधे दोन फोटोंच्या काठावर अर्धे-अर्धे आले, तर शिक्का दिसतच नाही आणि कागदाच्या खरेपणाची खूण हरवते. शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का, आहे की नाही यावरून पत्र पुरं आहे की तुटकं ते कळतं. म्हणून सूचीत प्रत्येक कागदापुढे निदान एवढं हवं: कुणी कुणाला, कुठून, मूळ मिती जशीच्या तशी, इसवी सन, प्रकार, दोन ओळींत मजकूर, गावांची नि माणसांची नावं, शिक्के, पाठीवर काय आहे, कागदाची हालत. सरावलेल्या माणसाच्या हातूनही दिवसाकाठी असे पंधरा-वीस कागद झाले तर पुष्कळ. मी स्वतः इतके करू शकत नाही.

2023 सालच्या सप्टेंबरनंतर महाराष्ट्राला हे सगळं अचानक आठवलं. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसीलच्या अभिलेख कक्षांतली लाल फडकी सुटू लागली. गाव नमुना 14 ही जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुकं, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या, खासरा पत्रकं, मराठवाड्यात निजामाच्या काळातले उर्दू-फार्सी कागद. आरक्षणाच्या प्रश्नावर माझं मत इथे मांडायचं नाही, तो या लेखाचा विषय नाही. पण त्या काही महिन्यांत एक गोष्ट उघड्यावर आली. कागद होते. वाळवी, गळती, कसर, बदल्या, निंदणीकरण (नको असलेले कागद निवडून काढणं) या सगळ्यातून वाचलेले होते. वाचणारे नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली, निवृत्त शिक्षकांना आणि हौसेने लिपी शिकलेल्या तरुणांना मानधनावर बोलावणं आलं. ज्या कलेला कुणी विचारत नव्हतं, तिच्यावर लाखो कुटुंबांचे दाखले अवलंबून राहिले.

त्या वेळी एका मित्राबरोबर मी एका अभिलेख कक्षात बसलो होतो. एक आजोबा खतावणी घेऊन समोर आले. नव्वदीच्या आसपासचे असावेत. त्यांना फक्त आपल्या आजोबांचं नाव कुठे लिहिलं आहे ते बघायचं होतं. मित्राने बोट ठेवून दाखवलं. ती अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण त्यांनी त्यांवरून हलकेच बोट फिरवलं आणि हात जोडले. दाखल्याचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

इनाम कमिशनच्या वेळी आणि 2023 मध्ये, दोन्ही वेळा कागदांना किंमत आली ती हक्काच्या निकडीतून. निकडीचं काम त्या एका प्रश्नापुरतं होतं. जातीच्या रकान्यासाठी नमुना 14 चाळला गेला. त्याच पानावर कोणत्या वर्षी प्लेगने किती माणसं गेली, कोणत्या वस्तीत लहान मुलं जास्त दगावली, गावात कोणते धंदे होते, हेही आहे. ते कुणी नोंदलं नाही, कारण विचारलं नव्हतं. उद्या दुसरा प्रश्न येईल, तेव्हा हीच फडकी पुन्हा सोडायची, त्याच पिवळ्या कागदांची पुन्हा घडी मोडायची. पूर्ण सूची एकदाच झाली असती तर दोन्ही कामं भागली असती.

आता यावर जे आक्षेप येतात, त्यांतला एक मला मनापासून पटतो. लोक म्हणतात, सूची करत बसाल आणि तोवर कागद जळून जातील, बुडून जातील. आधी फोटो काढा. हे खरं आहे. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत किती फायली गेल्या ते आपण पाहिलं आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं आणि 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तकं चिखलात गेली. जुनी शाई काजळीची. उजेडाने ती फिकट होत नाही, शतकानुशतकं काळीभोर राहते, पण पाण्याने धुऊन जाते. पुराच्या पट्ट्यातल्या किंवा गळक्या छपराखालच्या कागदांचे फोटो आजच्या आज काढावेत, सूची नसली तरी. माझं म्हणणं इतकंच, की त्या फोटोंना निदान रुमालाचा नंबर आणि रुमालातला क्रम द्या, पाठ घ्या, आणि सूचीचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा. 'ती नंतर बघू' म्हटलेली सूची होत नाही, हे मी पुरेशा ठिकाणी पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप यंत्राचा. यंत्र आता मोडी वाचू लागलं, मग माणसं कशाला? मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रमाणित अक्षरसंचात, जागा मिळाली. 2025 मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं प्रारूप जाहीर केलं, ही आनंदाची बातमी आहे आणि हे काम पुढे जावं असं मला वाटतं. पण ते यंत्र शिकलं कशावर? जाणकारांनी वाचून देवनागरीत उतरवून दिलेल्या दोनेक हजार प्रतिमांवर. चार कोटींच्या ढिगासमोर दोन हजार! यंत्राला शिकवायला आणखी हजारो नेमकी वाचनं लागतील आणि ती माणसंच देणार. यंत्राने 'सितैन'चं 'सबैन' वाचलं, साठाचे सत्तर झाले, तर दहा वर्षांची चूक सूचीत पक्की होऊन बसेल. ती पकडणारा डोळा हवा. यंत्रामुळे मोडी वाचणाऱ्यांची गरज वाढली आहे.

तिसरा विचार उघडपणे कुणी मांडत नाही, पण कार्यालयांत ऐकू येतो: स्कॅन झालं, आता मूळ कागद ठेवून जागा कशाला अडवायची? इथे मात्र मी हट्टाने नाही म्हणेन. गेल्या शतकाच्या मध्यात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ॲसिटोन लावून सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यात कागद बंद करायची पद्धत तयार झाली. हाताने करता येणारी, स्वस्त, देशभर नावाजलेली. त्या वेळचं ते उत्तम ज्ञान होतं. पुढे कळलं, की ॲसिटेट स्वतःच कालांतराने कुजतो, पिवळा पडतो, त्यातून आम्ल सुटतं आणि आतला कागद खातं. आज शिकलेले जतनकार ते पापुद्रे जपून सोडवण्यात वर्षं घालवतात. आजच्या उत्तम पद्धतीबद्दल उद्या काय कळेल, ते आज कसं सांगणार?

शिवाय साधा हिशेब करा. ए-4 आकाराचं एक पान 300 डीपीआयला रंगीत, न दाबता साठवलं तर साधारण 26 मेगाबाइट होतं. चार कोटी पानं म्हणजे हजार टेराबाइटच्या पुढे, आणि वेगवेगळ्या ठिकाणी तीन प्रती ठेवायच्या तर त्याच्या तिप्पट. डिस्क दर पाच-सात वर्षांनी बदलायच्या, नकल बरोबर उतरली का ते तपासायचं, वीज, माणसं, सगळं कायमचं. त्याउलट जुन्नरी किंवा दौलताबादी कागद चिंध्यांपासून केलेला, खळ देऊन दगडाने घोटलेला. कोरड्या जागी, वेखंडाच्या पुरचुंडीसह फडक्यात बांधून ठेवला तर तीनशे वर्षं काही मागत नाही. खरी चिंता 1870 नंतरच्या गिरणीच्या कागदाची आहे. लाकडाच्या लगद्यातल्या आम्लाने तो आतूनच जळत येतो. माझ्या संग्रहात 1740 च्या सुमाराची एक सनद आहे, ती आजही उलगडून बोटांत धरता येते. 1943 सालचं वर्तमानपत्र घडीवर हात ठेवताच पापडासारखं मोडतं. फोटोची घाई करायचीच तर ती या कागदांसाठी करा. जुनं ते आधी, हा क्रम चुकीचा आहे.

आणि जे स्कॅन झालं ते लोकांना दिसू दे. सार्वजनिक पैशाने केलेली चित्रं कपाटात कुलूपबंद ठेवणं मला अन्याय वाटतं. राष्ट्रीय अभिलेखागाराने अभिलेख पटल हे संकेतस्थळ उघडलं, घरबसल्या शोधता येतं, ही चांगली सुरुवात आहे. मराठीच्या बाबतीत तर कागद नुसते महाराष्ट्रात नाहीत. तंजावरच्या सरस्वती महालात भोसल्यांच्या काळातले मोडी कागद आहेत, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरला आहेत, हैदराबादेत आहेत. कोल्हापूरचं पत्र तंजावरच्या उत्तराशी जुळवायचं तर दोन्हीकडच्या सूच्या एकमेकींना ओळखणाऱ्या हव्यात. एकाने 'सुहूर 1161' लिहायचं, दुसऱ्याने 'शके 1682' आणि तिसऱ्याने नुसतं 'पेशवेकालीन', असं झालं तर शोधायचं कसं? नोंदीचा नमुना एक ठरवणं हे सरकारचं काम आहे. त्याला फार पैसा लागत नाही, चार जाणत्या माणसांची बैठक लागते.

पैसा लागतो माणसांना. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम मोहीम जाहीर झाली, एक कोटीवर हस्तलिखितांची नोंद आणि जतन असा तिचा आवाका आहे. हस्तलिखित म्हटलं की डोळ्यासमोर पोथी येते, जमाखर्चाचा बंद येत नाही. त्या कोटीत आपले रुमाल मोजले जावेत म्हणून महाराष्ट्राने आतापासून बोललं पाहिजे. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग चांगले चालतात, मीही तशाच वर्गात बसलो. पण दहा दिवसांच्या वर्गाने अक्षरओळख होते, वाचक व्हायला दोन-तीन वर्षं रोज कागद लागतो, आणि त्या काळात घर चालायला हवं. प्रत्येक जिल्ह्याला दोन मोडी वाचक, कायम नोकरीवर, लिपिकाच्या नव्हे तर तज्ज्ञाच्या पगारावर. मराठवाड्यात त्यांच्या जोडीला एक फार्सी-उर्दू जाणणारा. इतकी मागणी मला अवाजवी वाटत नाही. आणि स्कॅनिंगच्या प्रत्येक निविदेत अट असावी: नोंद केलेल्या कागदाचे पैसे मिळतील, नुसत्या पानाचे नाही.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला, वाईला हाती लागलेल्या पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. त्यानंतर ते आयुष्यभर गावोगाव, वाड्यावाड्यांत हिंडले. ते वाडे आता पडत आहेत. पुण्यात, साताऱ्यात, वाईत, नाशकात पुनर्विकासाचे करार होतात, माळे रिकामे केले जातात आणि पेटीतलं 'जुनं काहीतरी' किलोवर जातं. तुमच्या घरात अशी पेटी असेल तर मोबाइलने आधी पेटीचा फोटो घ्या, मग रुमाल बांधलेला असताना घ्या. गाठ सोडलीत तर क्रम बदलू नका, कागद उलटून पाठही घ्या. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा: हे घर कुणाचं, मूळ गाव कोणतं, पेटी कुणाकडून कुणाकडे आली. मग पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ किंवा जवळचं पुरालेखागार गाठा.

त्या तालुक्याच्या वाचनालयात आम्ही चौघे आता दर शनिवारी बसतो. डिस्क समोर आणि मूळ रुमाल शेजारी. 417 व्या चित्राचा कागद सातव्या शनिवारी सापडला, भलत्याच रुमालात. उलटून पाहिला. पाठीवर, उजव्या कोपऱ्यात, पैवस्ती होती.